एक कमी

आई पंचवीस कधी म्हणायची नाही.
चोवीसनंतर नुसतं "झाला" म्हणायची
आणि कट्ट्याला दोरा गुंडाळायची.
निपाणीतल्या आमच्या गल्लीत दुपारभर
दारादारातून तेवढंच ऐकू यायचं,
झाला. झाला.

मी तिच्या सुपाशेजारी अभ्यास करायचो.
आमच्याकडं बायका अशाच बोलतात, करतो, जातो.
होस्टेलवर पुण्याची एक मुलगी त्यावर हसली होती,
हसू दे.
नाकात जर्दा, पुढ्यात हाडांची नावं.
"दोनशे सहा," मी म्हणालो.
"एवढी? मोजली कुणी?"
तिनं विचारलं, पानावरची कात्री न थांबवता.

बेळगावात थिएटरला पहिल्या दिवशी
सिस्टर फिलोमिनानं माझे हात उलटेपालटे केले.
"नखं?"
"कापल्यात."
"आणि हा वास कसला?"
काय सांगणार.
कोपरापर्यंत घासलं, घड्याळ लावून पाच मिनिटं,
मग परत पाच.
बोटांच्या बेचक्यात तरी आई राहिलीच थोडी,
तिच्यावरनं हातमोजे चढवले.

तिथली मोजणी कन्नडमधनं.
शिवलीला बाहेरनं टाकणार, मी आतनं घेणार,
दोघींनी मोठ्यानं म्हणायचं:
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु.
पाच मॉपचा एक जुडगा, फळ्यावर एक आकडा.
पहिला महिना मी आधी मनात सात म्हणायचो,
मग ओठांनी एळु.
मास्कच्या आत दोन्ही ओले होऊन चिकटायचे.

मावशी विचारायची, डॉक्टर काय होणार न्हाईस,
मग रात्रभर करतीस तरी काय तिथं?
हातात देतो, मी म्हणायचो.
त्यांनी हात पुढं केला की
पाहिजे ते त्यात ठेवतो. मागायच्या आत.
"एवढ्याला चार वर्षं?" मावशी म्हणायची.

हुक्केरीचा माणूस, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला.
रात्री दोन वाजून दहा.
प्लीहा काढून झाली, रक्त थांबलं, प्रेशर वर येईना.
भूलवाले म्हणाले, लवकर आटपा.
मी मोजलं. हत्तोंबत्तु.
शिवलीलानं मोजलं. हत्तोंबत्तु.
फळ्यावर वीस.
बादली उलथली, टेबलाखाली वाकून बघितलं,
हिरव्या कापडांच्या घड्या झटकल्या,
तिनं स्वतःच्या चपलांचे तळसुद्धा बघितले.
एकोणीस.

"चुकलं असेल तुमचं, सिस्टर. कोडि."
डॉक्टर पट्टणशेट्टींनी हात पुढं केला.
धागा ओवलेली सुई माझ्या चिमट्यात तयार होती.
सहा वर्षांत पहिल्यांदा
त्या तळहातावर मी काही ठेवलं नाही.

"एक कमी हाय, सर."

मराठीतच आलं तोंडातनं, तेही घरच्या.
छाट काढणाऱ्या कारकुनासमोर
आई जशी उभी राहायची, पदर खोचून,
तसंच काहीतरी माझ्या पाठीच्या कण्याला झालं.
हात तसाच होता. मॉनिटर वाजत होता.
कुणीतरी घड्याळाकडं बघितलं.
मग तो हात वळला आणि परत आत गेला,
मनगटापर्यंत, त्याच्याही वर,
डाव्या घुमटाखाली बराच वेळ चाचपडला,
आणि लालातनं लाल बाहेर आलं,
थबथबलेलं, चुरगळलेलं.
"इप्पत्तु," शिवलीला म्हणाली, फळ्याकडं न बघता.
डॉक्टर काही बोलले नाहीत.
हात पुढं आला.
मी सुई दिली.

सकाळची बस, पाटी कन्नड, कंडक्टर ओळखीचा.
हत्तरगीला उतरून चहा घ्यायचो नेहमी, घेतला नाही.
घरी आई उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली.
शेजारी बसलो, सवयीनं विड्या ओढून घेतल्या.
"हात थरथरायलाय तुझा."
"आत्ता थरथरायलाय," मी म्हणालो.
तिनं पुढं विचारलं नाही.
मी मोजत गेलो, दोरा गुंडाळला, झाला म्हणालो.

थोड्या वेळानं तिनं माझा कट्टा उचलला,
सोडला, अंगठ्यानं सरकवत मोजला,
आणि आपल्या सुपातली एक विडी
त्यात घातली.